ओवी टिपायची तर यंत्र कोणते घ्याल?

हुपरी : यात्रा उरकली, की दुसऱ्या दिवशी पारावर एक देखावा हमखास दिसतो. चार जण टेकलेले असतात. त्यातला एक खिशातून मोबाईल काढतो आणि म्हणतो, "रातची ओवी भरून घेतलीया, ऐका." सगळे कान देतात. पण ओवी काही ऐकू येत नाही. येतो तो ढोलाचा फाटका धडधडाट, मध्येच कुणीतरी मारलेली शिट्टी आणि वाऱ्याची फडफड. म्हाताऱ्या ओवीकाराने रात्रभर जागून सांगितलेली कथा त्या गोंगाटात कुठे बुडाली ते कळत नाही. "ऱ्हाऊ द्या, फुडच्या साली बघू," असे म्हणून मोबाईल परत खिशात जातो.

वाचकहो, पुढच्या साली ढोल वाजेल, भंडाराही उधळेल. पण देवाची अख्खी कथा पाठ असणारा तो माणूस पुढच्या साली बसायला असेलच, याची हमी कोण देणार? त्याची कथा कुठल्या वहीत लिहिलेली नाही. ती त्याच्या गळ्यात आहे. गळा गेला की कथा गेली. म्हणून हे चार शब्द. गावातला जागर, भजन, भारूड, ओवी नीट भरून ठेवायची तर यंत्र कोणते घ्यावे, ते कुठे ठेवावे आणि भरलेला आवाज कसा सांभाळावा, याचा सरळ हिशोब येथे मांडला आहे.

शेजारचा ठेवा

हुपरीची ओळख चांदीची. इथल्या कारागिराच्या हातचे पैंजण देशभर जातात. पण हुपरीच्या शेजारीच पट्टणकोडोलीत आणखी एक ठेवा आहे. तिथली विठ्ठल-बिरदेवाची यात्रा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आश्विनात ही यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही धनगर समाज येतो. भंडाऱ्याने माणसे, वाटा, देऊळ सगळे पिवळे होऊन जाते. ढोल-कैताळाचा निनाद उठतो. सोलापूर जिल्ह्यातून पायी चालत येणारे फरांडे बाबा पाऊसपाणी, पीक, महागाई यांविषयी भाकणूक सांगतात आणि हजारो शेतकरी ती कान देऊन ऐकतात.

आवाज भरून घेण्याच्या दृष्टीने पाहिले तर याहून अवघड जागा शोधून सापडायची नाही. एकीकडे छाती हादरवणारे ढोल, दुसरीकडे एकट्या माणसाचा बोलण्याचा आवाज. धनगरी ओवीतही तेच. गाण्याचा भाग येतो, मग कथेचा साधा बोलण्याचा भाग येतो, परत गाणे. मोठा आवाज आणि लहान आवाज यांत एवढा फरक असतो, की साधे यंत्र गोंधळून जाते. जे यंत्र इथे टिकले, ते रेंदाळच्या भजनाला, यळगूडच्या कीर्तनाला किंवा तळंदग्याच्या भारुडाला सहज पुरे पडेल.

भरून ठेवले म्हणून उरले

"हे सगळं करून उपयोग काय?" असे कुणी विचारील. त्याला दोन दाखले पुरेत.

जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोंथायमर यांनी कित्येक वर्षे महाराष्ट्रातल्या धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर, यात्रांत फिरून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांचा अभ्यास केला. त्यांनी ओवीकारांसमोर टेप ठेवून ओव्या भरून घेतल्या. १९९२ मध्ये सोंथायमर वारले. पण टेप राहिल्या. त्यांतल्या बिरोबाच्या आणि धुळोबाच्या अशा दोन लांबलचक ओव्या ॲन फेल्डहाऊस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीने इंग्रजीत आणल्या. त्याचे पुस्तक २०१४ मध्ये निघाले. म्हणजे भरून घेणारा गेल्यावर बावीस वर्षांनी त्या आवाजाचे पुस्तक झाले. टेप नसती तर?

दुसरा दाखला जात्यावरच्या ओव्यांचा. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतल्या काहींचा आवाजही भरला गेला. २०१७ पासून या ओव्या 'पारी' या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात. यातली मेख लक्षात घ्या. कागदावर लाखावर ओव्या आल्या, पण आवाज त्यांतल्या थोड्यांचाच मिळाला. बाकीच्यांचे शब्द उरले, चाल गेली. आज घरात जातेच नाही, तर ती चाल परत आणायची कुठून?

मोबाईल कुठे कमी पडतो?

मोबाईल वाईट नाही. पण तो बनवला आहे फोनवर बोलण्यासाठी. त्यात आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. ढोलावर टिपरू पडले की तो सगळाच आवाज दाबतो. त्या दाबात गाणाऱ्याचा शब्दही दबतो. ढोल थांबला की तो आवाज वर ओढतो. मग मागची कुजबुज, जनरेटरची घरघर पुढे येते. शिवाय कित्येक मोबाईल बोलण्याखेरीज बाकी आवाज 'गोंगाट' समजून कापतात. त्या कापाकापीत झांज जाते, चिपळी जाते.

तरीही हाताशी मोबाईलच असेल तर एवढे करा. फोन 'फ्लाईट मोड'वर टाका, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी "हॅलो, कुठं हाईस?" येतो आणि रेकॉर्डिंग तुटते. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये 'वेव्ह' हा प्रकार मिळत असेल तर तो निवडा. आवाज आपोआप बदलण्याची सोय बंद करता येत असेल तर करा. आणि फोन हातात धरू नका, टेकवून ठेवा. काहीच न भरण्यापेक्षा हे बरे.

तीन वाटा

यंत्र घ्यायचेच ठरले तर तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट : खिशातला रेकॉर्डर. यावर दोन माईक बसवलेलेच असतात. झूम कंपनीचे 'एच-वन' जातीचे, टास्कॅमचे 'डीआर-०५' जातीचे असे रेकॉर्डर मध्यम मोबाईलच्या किमतीत बसतात. साध्या सेलवर चालतात, मुठीत मावतात. भजनी मंडळ, ओवी, कीर्तन, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एवढे काम असेल तर हा पुरे. दहांपैकी नऊ गावांना याहून जास्त काही लागत नाही.

दुसरी वाट : मोठ्या पिनांचा रेकॉर्डर. याला स्वतःचे माईक असतातच, शिवाय साऊंडवाल्यांकडे असते तसली तीन पिनांची वायर लावता येते. झूमचे 'एच-फोर एन प्रो' हे त्यातले एक. मिक्सरवरून आवाज घ्यायचा असेल, दोन गायकांना दोन वेगळे माईक द्यायचे असतील, तर हा घ्या. पण तो हाताळायला शिकलेला एक माणूस गावात पाहिजे. नाहीतर ट्रॅक्टर घेतला आणि चालवणारा नाही, अशी गत होते.

तिसरी वाट : '३२ बिट फ्लोट' जातीचे नवे रेकॉर्डर. झूमने २०२२ मध्ये 'एफ-थ्री' आणि २०२४ मध्ये 'एच-वन इसेन्शियल' आणला, तो याच जातीचा. याचा फायदा शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा तर पाटाचे पाणी कितीही वाढले तरी बांध फुटत नाही. भरताना आवाजाची पातळी लावत बसावे लागत नाही. हळू भरलेले नंतर वाढवता येते, जोरात आलेले खाली आणता येते. ढोल आणि ओवी एकत्र असतील तिथे ही मोठी सोय आहे. मात्र ढोलाच्या तोंडाला माईक लावला तर माईकच कळवळतो. तिथे कुठलेच बिट कामाला येत नाहीत.

पैंजणाची चाचणी

हुपरीत चांदीचा टंच काढल्याशिवाय कुणी माल घेत नाही. मग रेकॉर्डर तरी जाहिरात वाचून का घ्यावा? दुकानात किंवा आधी कुणी घेतला असेल त्याच्या घरी तीन चाचण्या करा.

एक, घुंगरांचे पैंजण हातभर अंतरावर हलवा आणि भरून घ्या. घुंगराचा आवाज बारीक आणि टोकदार असतो. यंत्र हलके असेल, किंवा 'एमपी-थ्री'त फार दाबून भरले असेल, तर एकेक घुंगरू वेगळे ऐकू येत नाही. चुळचुळ केल्यासारखा आवाज येतो. हेच नंतर टाळ आणि कैताळाचे होणार.

दोन, पत्र्याचा रिकामा डबा दोन हातांवरून जोरात बडवा. आवाज फाटला, तर पातळी कमी करून परत बडवा. पातळी कमी करूनही फाटत असेल तर ते यंत्र ढोलाच्या कामाचे नाही.

तीन, रात्री सगळे निजल्यावर खोलीत सहा फुटांवरून हळू आवाजात बोला. ऐकताना शब्दांमागे 'सूं' असा आवाज किती येतो ते पाहा. म्हाताऱ्या माणसाचा क्षीण आवाज भरायचा असेल तर ही चाचणी सगळ्यांत महत्त्वाची.

ऐकताना कानावर बसणारा हेडफोन लावा. यंत्राच्या इवल्याशा स्पीकरवर सोने आणि पितळ सारखेच वाटते.

कार्डात किती मावते?

'४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह' या प्रकारात दोन माईकचे तासभर रेकॉर्डिंग सुमारे एक जीबी जागा घेते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात साधारण तीस तास मावतात. रात्रभराचा जागर दहा तासांचा धरला तरी एका कार्डात दोन-तीन रात्री निघतात. 'एमपी-थ्री १२८' मध्ये तोच तास ५८ एमबीत बसतो, पण आवाज दाबूनच बसतो. मूळ भरताना कंजूषपणा नको. वेव्हमधून एमपी-थ्री केव्हाही करता येते. दाबलेल्या एमपी-थ्रीतला गेलेला आवाज मात्र परत येत नाही.

बरेच रेकॉर्डर ठरावीक आकार झाला की फाईल तोडून आपोआप पुढची सुरू करतात. ही तोड सलग होते ना, हे घरी तीन तास यंत्र चालवून आधीच पाहून घ्या.

जागा पैशापेक्षा मोठी

महागडे यंत्र लांब ठेवण्यापेक्षा साधे यंत्र योग्य जागी ठेवलेले चांगले. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाजाचा दाब निम्मा होतो. म्हणून माईक गाणाऱ्याच्या जवळ आणि ढोलापासून लांब, हा पहिला नियम. गाणारा सहा फुटांवर आणि ढोल वीस फुटांवर असेल तर दोन्ही आवाज बेताचे येतात. उलट झाले, तर पारावरचा तो देखावा ठरलेला.

भजनी मंडळ अर्धगोलात बसले असेल तर यंत्र मधोमध, चार ते सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे वर स्टँडवर ठेवा. तोंड गाणाऱ्याकडे. पखवाजाच्या धुमेसमोर ठेवू नका. टाळकऱ्यांना एक हात मागे सरकायला सांगा. देवळात फरशी आणि घुमट असतो, आवाज घुमतो. तिथे जास्त जवळ जावे.

यंत्र टेबलावर किंवा लाकडी फळीवर तसेच ठेवू नये. ढोलाचा हादरा फळीतून थेट यंत्रात शिरतो. त्यावर औषध घरातच आहे. घोंगड्याची चौपदरी घडी करून स्टँडखाली घाला. हादरा तिथेच मुरतो.

पातळी लावायची ती सर्वांत मोठ्या आवाजाला. सुरू होण्याआधी ढोलकऱ्याला म्हणा, "दादा, एक डाव मन लावून वाजवा." त्या वेळी यंत्रावरचा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. टेपच्या काळात काटा जरा लाल भागात गेला तरी खपून जायचे. आताच्या यंत्रात शून्याच्या वर गेलेला आवाज कापलाच जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. आपोआप पातळी लावण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा.

वारा, भंडारा आणि ऊसवाहतूक

माळावर वारा सुटला की माईकमध्ये फडफड होते. यंत्राबरोबर मिळणारी स्पंजाची टोपी खोलीत चालते. उघड्यावर केसाळ टोपी लागते. ती वेगळी विकत मिळते, ती घ्याच. वाऱ्याची घुमघुम कापण्यासाठी यंत्रात 'लो कट' नावाचे बटण असते. भाकणूक, कीर्तन, भाषण असेल तर ते चालू करा. ढोल भरताना मात्र बंद ठेवा, कारण त्या बटणाने ढोलाचा तळही जातो.

पट्टणकोडोलीसारख्या यात्रेत भंडारा हवेत असतो. तो माईकच्या जाळीत आणि वायरीच्या भोकात जाऊन बसतो. यंत्रावर टोपी आधीच घाला. न लागणारी भोके चिकटपट्टीने बंद करा. भंडारा उडत असताना सेलचे किंवा कार्डाचे झाकण उघडू नका. घरी आल्यावर कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने पुसू नका.

सेल कारखान्याच्या काट्यासारखे असतात, ऐन गर्दीत बंद पडतात. नव्या सेलचा एक संच यंत्रात, एक खिशात. यूएसबीवर चालणारे यंत्र असेल तर पॉवर बँक लावा. चार्जर थेट विजेला लावला की कधी कधी सलग गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते. आणि गाळपाचा हंगाम सुरू असेल तर रस्त्याकडेची जागा टाळा. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवरचा डेक कुणाच्या जागराला मान देत नाही.

साऊंडवाल्याची मदत

कार्यक्रमाला कर्णे आणि मिक्सर असेल तर मिक्सरच्या 'रेक आऊट' किंवा 'लाईन आऊट'मधून वायर घेता येते. शब्द स्वच्छ येतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मिक्सरचा आवाज माईकच्या आवाजाच्या कित्येक पट जोराचा असतो. रेकॉर्डरवर 'लाईन' हाच पर्याय निवडा, '४८ व्होल्ट'चे बटण बंद ठेवा, नाहीतर नुसता चरचराट भरला जाईल. दुसरे, ज्या वाद्यासमोर माईक नाही ते मिक्सरमध्ये येतच नाही. ढोल तर नाहीच. म्हणून एक यंत्र मिक्सरला आणि एक यंत्र समोर हवेत, ही जोडी सर्वांत उत्तम.

भरले, आता सांभाळा

रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिल्यांदा स्वतः बोला. तारीख, गाव, देऊळ, गाणाऱ्यांची नावे, काय गाणार ते. कागद हरवतो, ही ओळख हरवत नाही. दुसऱ्या दिवशी फाईलला तारीख, गाव आणि प्रकार असे नाव द्या. तीन प्रती करा. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेर कुणाकडे. पंचगंगेच्या काठच्या माणसाला २०१९ चा महापूर आठवत असेल, तर गावाबाहेरची प्रत कशाला, हे सांगायला नको.

घरच्या कपाटात १९८०-९० च्या दशकातल्या भजनाच्या कॅसेटी असतील तर त्या आधी काढा. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही कॅसेट कायम टिकण्यासाठी नव्हती. पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर टेपचे हेड साफ करून, टेपमधून रेकॉर्डरला वायर जोडून एकदाच नीट उतरवून घ्या.

विचारून घ्या, परत द्या

आवाज गाणाऱ्याचा आहे. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा स्वतःचा हक्क आला. १९९९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. परवानगी न घेता कुणाचे गाणे भरून बाजारात आणणे हा त्या हक्काचा भंग आहे. कायदा बाजूला ठेवला तरी रीत म्हणून विचारावेच. "आजोबा, भरून घेऊ का? इंटरनेटवर टाकलं तर चालंल का?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दोन्ही विचारा. होकार रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या. आणि एक प्रत त्यांच्या घरी पोचती करा. नातवाच्या मोबाईलवर का होईना, आजोबाने आपली ओवी स्वतः ऐकली पाहिजे. एखादा भाग देवाचा म्हणून भरू नका म्हणाले, तर बटण बंद करा.

गावाने काय करावे?

प्रत्येकाने यंत्र घ्यायची गरज नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि यात्रा कमिटीने एकत्र बसून गावासाठी एक खिशातला रेकॉर्डर, एक स्टँड, केसाळ टोपी, हेडफोन आणि दोन कार्डे घ्यावीत. ते सार्वजनिक वाचनालयात ठेवावे, नेल्या-आणल्याची नोंदवही ठेवावी. दहावी-बारावीची दोन पोरे, दोन पोरी हाताशी धराव्यात. त्यांना आठवडाभर शिकवले तरी पुरते.

आणि यात्रेची वाट पाहत बसू नका. गर्दीत भरलेली ओवी ही यात्रेची आठवण असते. कथा पुरी हवी असेल तर यात्रेआधी एखाद्या निवांत संध्याकाळी ओवीकाराच्या अंगणात जा. घोंगडे अंथरा, यंत्र समोर ठेवा, चहा होऊ द्या आणि म्हणा, "बाबा, पहिल्यापासनं सांगा. आज आमाला घाई न्हाई." गावात असा कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे वयही तुम्हाला ठाऊक आहे. यंत्र नंतर घ्या, पण त्याच्याशी दिवस आजच ठरवा.